धनी परगावी, संगणक घरी



घरचा संगणक घरीच ठेवून प्रवासाला निघायचे आणि टॅब्लेटच्या काचेवर बोट फिरवून तो तिकडून चालवायचा, हा आजचा विषय. यावर पहिला आक्षेप असा येईल की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा लागतील ते कागद आधीच क्लाउडवर का चढवून ठेवू नयेत? आक्षेप रास्त आहे आणि निम्म्या लोकांच्या बाबतीत तेच उत्तर पुरेसे आहे. ज्यांस सातबाऱ्याचा उतारा, पासपोर्टची प्रत, विम्याचे कागद एवढेच पाहावयाचे आहेत, त्यांनी आमचे पुढील बोलणे ऐकले नाही तरी चालेल. मात्र बाहेर ऊन आहे आणि येथे पंखे आहेत, म्हणून बसावे.

पण काही कामे कागदाची नसतात, यंत्राची असतात. आपल्या मराठी मुलखातलेच उदाहरण घ्या. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे कितीतरी पुस्तके, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका 'श्रीलिपी'सारख्या प्रोग्रॅमांवर जुळवल्या गेल्या. त्या फायली ज्या यंत्रावर तो प्रोग्रॅम आणि ते फाँट आहेत तेथेच मराठी दिसतात. इतरत्र उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा. एखाद्या लेखकाची वीस वर्षांची टिपणे अशा फायलींत असतील आणि तो सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीला निघाला असेल, तर त्याने करावे काय? फायली बरोबर नेऊन उपयोग नाही. दुकानदाराची टॅलीतली खाती, हिशेबनिसाचा वर्षानुवर्षे जमवलेला पसारा, यांचीही हीच गत. टेबलावरचा संगणक काही विमानात काखोटीला मारून नेता येत नाही. अशा वेळी यंत्र आपल्याकडे आणण्याऐवजी आपले डोळे आणि हात यंत्राकडे धाडावे लागतात.

ही कल्पना टॅब्लेटइतकी नवी नाही. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत हॅनोव्हर नावाच्या लहानशा गावी, डार्टमथ कॉलेजात, गणितज्ञांची सभा भरली होती. बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिफोनच्या रिलेंपासून संमिश्र संख्यांची गणिते करणारे एक यंत्र बनवले होते. यंत्र होते न्यू यॉर्कला, शेकडो किलोमीटर दूर. स्टिबिट्झ यांनी सभास्थानी तारेने जोडलेला एक टेलिटाइप तेवढा आणून ठेवला. त्यावर गणित टंकावे, ते तारेने न्यू यॉर्कला जावे आणि उत्तर त्याच तारेने परत येऊन कागदावर उमटावे. सभेस आलेल्यांपैकी नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉकली या दोघांनी त्यावर हात चालवून पाहिला. मॉकली हे पुढे एनिअॅक या प्रसिद्ध संगणकाचे एक जनक झाले. म्हणजे आजच्या अर्थाचा संगणक जन्मास येण्यापूर्वीच तो दुरून चालवण्याची युक्ती माणसाने योजून ठेवली होती.

पुढची पायरी ९ डिसेंबर १९६८ ची. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांपुढे नव्वद मिनिटे जो प्रयोग करून दाखवला, तो माउसमुळे लोकांच्या लक्षात राहिला. पण त्यातील संगणक त्या सभागृहात नव्हताच. तो सुमारे पन्नास किलोमीटरांवर मेन्लो पार्क येथे होता. त्याच्या पडद्याचे चित्र सूक्ष्मलहरींवरून सभागृहात येत होते आणि एंगेलबार्टांच्या हाताची हालचाल तारेवरून उलट दिशेने जात होती. चित्र इकडे येते, हालचाल तिकडे जाते. आपल्या विषयाचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे आणि आजही त्यात बदल झालेला नाही. फरक एवढाच की, मेन्लो पार्कला यंत्रापाशी एंगेलबार्टांचे सहकारी बसलेले होते. आपल्या घरी, आपण गावाला गेल्यावर, कोणी नसते. या फरकाकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

सामान्य माणसाच्या हाती ही विद्या आली ती केंब्रिजहून. तेथे ऑलिव्हेट्टी कंपनीची एक संशोधनशाळा होती. तिच्यातील मंडळींनी 'व्हीएनसी' हा प्रोग्रॅम रचला आणि १९९८ साली तो मूळ लिखाणासह जगाला फुकट देऊन टाकला. त्याच्या कर्त्यांपैकी क्वेन्टिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांचा आणखी एक लौकिक आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक-विभागात कॉफीचे एकच भांडे होते आणि जिने चढून जावे तो ते रिकामे. म्हणून १९९१ साली त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखून त्याचे चित्र प्रत्येकाच्या टेबलावर दिसेल अशी सोय झाली. त्या सोयीचा टेबलावरचा प्रोग्रॅम यांनी लिहिला. पुढे १९९३ पासून २००१ पर्यंत ते भांडे साऱ्या जगाने इंटरनेटवरून पाहिले. मोठे शोध गरजेतून लागतात असे म्हणतात. कधी कधी ती गरज कॉफीची असते.

आता हे चालते कसे ते पाहू. घरच्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम पडद्याकडे डोळा लावून बसलेला असतो. आजकालच्या साध्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन बाइट धरले, तर एका चित्रास ६२,२०,८०० बाइट झाले. आणि सेकंदास तीस चित्रे पाठवू म्हटले तर साडेअठरा कोटींहून अधिक. कोकणातल्या एखाद्या एसटी-थांब्यावर मिळणाऱ्या मोबाइलच्या रेंजने एवढे ओझे उचलणे शक्य नाही. म्हणून तो प्रोग्रॅम सबंध चित्र पाठवतच नाही. पडद्याचे चौकोन पाडून मागच्या क्षणापासून जे चौकोन बदलले तेवढेच, तेही दाबून-आवळून, पाठवतो. तुम्ही एक अक्षर टंकलेत तर त्या अक्षराभोवतीची चिमूटभर जागाच प्रवास करते. यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. फाइल घर सोडत नाही. तिचे केवळ चित्र तुमच्यापर्यंत येते. तुमच्या हातातला टॅब्लेट काही कामच करत नसतो. तो खिडकी असतो. टॅब्लेट रेल्वेत हरवला तर खिडकी हरवली. आतले घर जागेवर आहे, मात्र खिडकीला कडी लावलेली असली पाहिजे.

मायक्रोसॉफ्टनेही आपल्या विंडोज एक्सपीत २००१ साली 'रिमोट डेस्कटॉप' ही सोय दिली. येथे एक गंमत सांगतो. विंडोजच्या ज्या आवृत्तीस 'होम', म्हणजे घरगुती, असे नाव आहे, तिच्यात ही सोय अर्धीच मिळते. त्या संगणकावरून दुसरा चालवता येतो, पण दुसरीकडून तो चालवून घेता येत नाही. घरच्या संगणकाला बाहेरून हाक मारायची असेल तर घरगुती आवृत्ती चालत नाही! अर्थात् त्यावर इतरांचे प्रोग्रॅम चालतात, तेव्हा अडून बसण्याचे कारण नाही.

काचेवर बोटाने काम करताना पहिले दोन दिवस चिडचिड होते. माउसचे टोक सुईएवढे, आपले बोट केळ्याएवढे. म्हणून बहुतेक प्रोग्रॅमांत दोन तऱ्हा असतात. एकीत बोट टेकाल तेथेच घाव बसतो. दुसरीत सगळी काच ही लॅपटॉपवरच्या चौकोनी पट्टीसारखी होते आणि बोट सरकवाल तसा बाण सरकतो. बारीक कामास दुसरी तऱ्हा उत्तम. मराठी लिहिणारांनी आणखी एक गोष्ट पारखून घ्यावी. काही प्रोग्रॅम तुम्ही दाबलेली कळ घरी पाठवतात, तर काही उमटलेले अक्षर पाठवतात. कळ जात असेल तर टॅब्लेट इंग्रजीत ठेवून मराठीची व्यवस्था घरच्या संगणकाकडेच सोपवावी. अक्षर जात असेल तर टॅब्लेटवर मराठी लावावे लागते. दोन्हीकडे मराठी लावून बसलात की 'क'च्या जागी भलतेच काही उमटते आणि माणूस उगाच यंत्राला शिव्या देतो.

अंतराचेही भान ठेवले पाहिजे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून न्यू यॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार. म्हणजे तुमच्या बोटाचा निरोप घरी पोहोचून त्याचे चित्र परत यायला, सारे काही निर्विघ्न झाले तरी, सेकंदाचा आठवा भाग लागणारच. आणि समुद्रातले तंतू सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात पाव सेकंदाच्या आसपास जातो. हा निसर्गाचा कायदा आहे, कोणत्याही कंपनीला तो मोडता येत नाही. तेव्हा कळ दाबून क्षणभर थांबावे. उतावीळपणे दुसऱ्यांदा दाबलेत की पहिल्या दाबाने जी विचारणा उघडली असेल तिला दुसऱ्या दाबाने होकार जातो. फाइल पुसण्याच्या कामी असला होकार महाग पडतो.

येथवर सोपे होते. आता आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो, आणि तो आहे दरवाजा.

तुमच्या घरच्या संगणकाला एक पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा पत्ता घेऊन जगातून कोणी तुमचे घर शोधू लागला तर त्याला ते सापडणार नाही, कारण असाच पत्ता तुमच्या शेजाऱ्याकडे आहे, नागपूरला आहे आणि ब्राझीललाही आहे. 'मधली आळी, घर पाचवे' असे म्हटल्यासारखे ते आहे. प्रत्येक गावाला मधली आळी असते. इंटरनेटची मूळ पत्त्यांची योजना ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्त्यांची. ते पुरेनात, तेव्हा घरातल्या घरात वापरायचे हे पत्ते राखून ठेवण्यात आले आणि बाहेरचा खरा पत्ता घराच्या राउटरकडे राहिला. पुष्कळ ठिकाणी तर इंटरनेट पुरवणारी कंपनी अनेक घरांत मिळून एकच खरा पत्ता वापरते. राउटरचा स्वभाव वाड्यावरच्या जुन्या रखवालदारासारखा आहे. आतल्या माणसाने बाहेर कोणाला हाक मारली तर त्याचे उत्तर तो आत सोडतो; बाहेरून अनाहूत कोणी आला तर 'कोण तुम्ही?' असेही न विचारता दार लावून घेतो.

मग आपणच बाहेरून आलो तर आत जावे कसे? एक मार्ग असा की, रखवालदाराला सांगून ठेवायचे, अमुक क्रमांकाच्या दारावर जो येईल त्याला सरळ आत सोड. पुष्कळ हौशी लोक हे करतात. आमचे स्पष्ट मत आहे की, करू नये. रिमोट डेस्कटॉपचे दार ३३८९ क्रमांकाचे, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. उघडी दारे हुडकीत अहोरात्र फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर आहेत. त्यांना तुम्ही कोण, श्रीमंत की गरीब, याच्याशी कर्तव्य नसते. मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दारातील एक दोष जाहीर केला, तो असा की, पासवर्ड ठाऊक नसतानाही बाहेरच्याला आत शिरता येत होते. दोष इतका गंभीर होता की, ज्या एक्सपीची जबाबदारी कंपनीने २०१४ सालीच सोडली होती, तिच्यासाठीही तिने दुरुस्ती काढली. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी अशा दोषापुढे त्याचा उपयोग होत नाही.

दुसरा मार्ग फार सुंदर आहे. बाहेरून कोणी आत येऊच नये. घरच्या संगणकानेच बाहेर हाक मारावी. तो मधल्या एका ठिकाणी जाऊन सांगतो की, 'मी येथे आहे, माझ्या धन्याची वाट पाहतो आहे.' आपला टॅब्लेटही परगावाहून त्याच ठिकाणी जातो, ओळख पटवतो आणि मधला दोघांची गाठ घालून देतो. २००५ साली निघालेले जर्मनीतील टीमव्ह्यूअर, गूगलचे २०११ पासूनचे क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क, हे सारे याच रीतीचे. वाड्याचे दार बंदच राहते आणि हाक नेहमी आतून जाते. हे 'हाक आतून जाते' एवढे ध्यानात ठेवा. थोड्याच वेळात त्याचा संबंध येईल. आता सारी भिस्त ओळख पटवण्यावर आली, म्हणून नुसत्या पासवर्डावर न राहता दुसरी खूणही लावावी. मात्र ती खूण मोबाइलवर एसएमएसने येणारी असेल तर निघण्यापूर्वीच विचार करा. परदेशात गेल्यावर आपले भारतातले सिमकार्ड बंद असले तर ओटीपी यायचा कोठे? घरमालक स्वतःच्याच दाराबाहेर उभा, अशी स्थिती होते. आकडे स्वतः तयार करणारे जे अॅप असते ते टॅब्लेटवर आधीच घालून घ्यावे. आणि हिशेबनिसांना हात जोडून सांगणे की, डिजिटल सहीचा टोकन संगणकाला खोचलेला ठेवून गावाला जाऊ नका. सही केलेला कोरा चेक टेबलावर ठेवून जाण्यासारखेच ते आहे.

आता त्या हाकेविषयी. आपल्या शहरांतून अशी कितीतरी घरे आहेत की, म्हातारी दोघेच येथे राहतात आणि मुलगा कॅलिफोर्नियात. बँकेचा फॉर्म अडतो, पेन्शनचा कागद उघडत नाही, मग मुलाचा फोन येतो, "आई, पडद्यावर नंबर आलाय ना, तो वाच बघू." आई चष्मा सावरून नंबर वाचते, बाण आपोआप हलू लागतो, फॉर्म भरला जातो, आणि सात समुद्रांपलीकडच्या मुलाचा हात घरात वावरून गेल्याचे समाधान त्या माउलीला मिळते. यात वाईट काहीच नाही. पण या मायेच्या व्यवहारातून त्या घराला एक सवय लागलेली असते. फोन वाजावा, पलीकडचा आवाज आदबशीर असावा, त्याने नंबर विचारावा आणि आपण तो सांगावा. चोर नेमकी हीच सवय वापरतो. "आजी, बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार आहे, एवढं अॅप घ्या आणि त्यावरचा नंबर सांगा." रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना अशा प्रकारांविषयी सावध केले, त्यात रीत हीच वर्णिली होती. अॅप घ्यायला लावणे, त्यावर उमटलेला नऊ आकडी क्रमांक विचारणे आणि मग मोबाइल आपल्या ताब्यात घेणे. अॅपचा दोष नाही. तेच अॅप मुलगाही वापरतो. यंत्राला हात कळतो, हात कोणाचा हे कळत नाही.

म्हणून वाड्याच्या रखवालदाराची रीत माणसांनीही पाळावी. आलेल्या फोनवर नंबर सांगायचा नाही, मुलाचा आवाज वाटला तरी नाही. फोन ठेवायचा आणि आपल्याजवळच्या वहीत लिहिलेल्या क्रमांकावर आपण स्वतः लावायचा. मुलगा असेल तर तो उचलेल आणि रागावणार नाही. रागावला तर त्याला हे व्याख्यान वाचायला द्यावे. एवढे करूनही घात झालाच तर लाजून घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि त्यांना अडवायचे तर वेळ थोडा असतो.

राहिला विजेचा प्रश्न. मेन्लो पार्कला माणसे होती आणि आपल्या घरी नाहीत, असे आम्ही म्हटले ते येथे बाधते. वळवाचा पाऊस आला, वीज गेली, दोन तासांनी आली. पंखा आपोआप फिरू लागतो, संगणक मात्र कोणी बटण दाबीपर्यंत मुकाट्याने बसून राहतो; आणि न्यू जर्सीहून कितीही हाका मारा, झोपलेला ऐकत नाही. याला उपाय आहे. बहुतेक टेबली संगणकांच्या मूळ मांडणीत, ज्यास बायॉस म्हणतात, वीज परत येताच सुरू हो अशी सूचना देता येते. ती जाण्यापूर्वी द्यावी. संगणकाची आपोआप झोपी जाण्याची सवय मोडावी. राउटरला छोटा यूपीएस किंवा घरचा इन्व्हर्टर जोडावा.

झोपलेल्या यंत्राला जागे करण्याचा एक मंत्रही आहे. त्याला 'जादूचे पाकीट' असेच म्हणतात. त्यात आधी एकाच ठरावीक खुणेचे सहा बाइट येतात आणि मग त्या यंत्राच्या जोडणीचा सहा बाइटांचा स्वतःचा क्रमांक ओळीने सोळा वेळा येतो. एकूण १०२ बाइट. कुंभकर्णाच्या कानात त्याचेच नाव सोळा वेळा घ्यावे तसे. परंतु हा मंत्र सहसा घरातल्या घरातच ऐकू जातो, तेव्हा तो म्हणायला घरात दुसरे एखादे यंत्र जागे असावे लागते, आणि संगणक राउटरला तारेने जोडलेला असला तर मंत्राची खात्री अधिक.

हे सारे करूनही शेजारी किल्ली ठेवायला विसरू नका. ज्या काकांना संगणकाचे काही कळत नाही असे काका पसंत करा. ते सांगितले तेवढेच बटण दाबतात. कळणारे काका दुरुस्ती करायला बसतात.

निघण्यापूर्वी आठ दिवस आधी सराव करावा, आणि तो घरच्या वायफायवर करू नये. घरातून घरात हाक जाणारच, त्यात काही सिद्ध होत नाही. टॅब्लेटला मोबाइलचे इंटरनेट जोडून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसावे आणि तेथून घरची एखादी फाइल उघडून, दुरुस्त करून, पुन्हा मिटून पाहावी. मग घरी फोन करून मुख्य बटण बंद करून पुन्हा सुरू करायला सांगावे आणि संगणक आपणहून उठतो की नाही तेही बघावे.

एक शेवटची सूचना. रिमोट डेस्कटॉपने विंडोज चालवताना घरचा पडदा कुलूपबंद होतो आणि तेथे काही दिसत नाही. व्हीएनसी आणि त्याच्या भाऊबंदांत बहुधा तसे होत नाही. तुम्ही तिकडे जे करता ते घरच्या पडद्यावर जसेच्या तसे उमटत असते. तेव्हा पडद्याचे स्वतंत्र बटण बंद करून जावे. नाही तर तुळशीला पाणी घालायला आलेल्या शेजारच्या काकू बंद घरात बाण आपोआप फिरताना आणि पत्र आपोआप लिहिले जाताना पाहतील. आणि त्यानंतर तुळशीला पाणी कोण घालणार, हा प्रश्न मात्र टॅब्लेटवरून सुटणारा नाही.